काय-वाटतं बाई

बाईंना काहीही विचारा, उत्तर मिळायचं नाही. मिळायचा तो प्रश्न.

"बाई, तुम्हाला मुलं आहेत?"

"तुला काय वाटतं?"

"बाई, तुम्ही रात्री इथेच झोपता?"

"मी कुठे झोपत असेन, तुला काय वाटतं?"

"बाई, शू कुठे करायची?" याला मात्र त्या सरळ बोट दाखवायच्या. अनुभवाने आलेलं शहाणपण, दुसरं काय!

मुलांनी त्यांचं नाव काय-वाटतं बाई ठेवलं होतं. ते बाईंना माहीत होतं, आणि त्याबद्दल त्यांना काय वाटतं हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

आता यात बाईंचा आडमुठेपणा नव्हता, धंद्याची रीत होती. बाई मुलांच्या मनावर उपचार करायच्या. गोळ्या नाहीत, औषध नाही, सल्ला तर मुळीच नाही. अंथरूण ओलं करणारी, शाळेच्या फाटकात ओकणारी, बापाशी वर्षभर अबोला धरलेली अशी सगळी मुलं त्यांच्याकडे यायची. ठरल्या वारी, ठरल्या वेळी, महिनोन्‌महिने. लहानगी खेळायची, मिसरूड फुटलेली खुर्चीत पसरून छताकडे बघायची, आणि बाई बघत, ऐकत बसायच्या. खेळता खेळता पोटातलं बाहेर पडतं, या भरवशावर सगळा कारभार. बाईंनी स्वतःबद्दल मात्र अवाक्षर काढायचं नाही. म्हणजे मग मुलाच्या मनात बाईंविषयी जे काही येईल, माया म्हणा, राग म्हणा, भीती म्हणा, ते त्याचं त्याचं असतं, बाईंनी घातलेलं नसतं. शिकतानाच हे त्यांच्या मनावर इतकं ठसवलं होतं, की भाजीवाल्याने "काय देऊ?" विचारलं तरी त्या क्षणभर थांबायच्या.

सायकलच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. खाली दिवसभर कुणी ना कुणी घंटी वाजवून बघायचं. एका खोलीत बाई आणि दुसरीत त्यांचे जोडीदार, ज्यांना मुलं टकलू सर म्हणायची. मूल बाईंकडे आणि आईबाप टकलू सरांकडे, अशी वाटणी. दोन दारांच्या मध्ये एक बाकडं आणि एक कुंडी. बाईंच्या खोलीत कधी काही बदलायचं नाही. तोच पडदा, तेच बुटकं टेबल, तीच वाळूची परात. प्रत्येक मुलाचा आपला एक लाकडी खण, त्याला कुलूप. आत बाहुल्यांचं कुटुंब, चार जनावरं, माती, दोरा, कागद. एकाच्या खणाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि एखादी बाहुली तुटली तर ती तुटकीच ठेवायची. बाईंनी परस्पर जोडली, तर ती ज्याने तोडली त्याचा रागच त्यांनी पुसून टाकल्यासारखं होतं.

घरी बाई आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. थोरली टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेली. हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून देण्यात तिची नोकरी गेली. म्हणजे दोघी बहिणींनी आयुष्यभर लोकांचं ऐकूनच पोट भरलं. फरक इतकाच, की थोरलीने ऐकलेलं सगळं सांगून टाकलं आणि धाकटीने सगळं पोटात ठेवलं.

"मीठ कमी पडलंय का ग?" थोरली जेवताना विचारायची.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, ही वाटी तुझ्या डोक्यावर उपडी करावी."

तर एकदा बाईंकडे एक मुलगी आली, आठ वर्षांची. बोलताना ती तोंडावर हात धरायची, आणि शाळेत तर तोंडच उघडायची नाही. दात दाखवून झाले, घसा दाखवून झाला, कान दाखवून झाले. सगळं ठणठणीत. तिचा बाप लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून त्याला अशी सवय लागली होती, की खुर्चीत बसूनसुद्धा बोलणं जरा वेगात गेलं की त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. आई चष्म्याच्या दुकानात होती. पहिल्याच भेटीत तिने टकलू सरांना सांगितलं, की मध्यंतरी ती गरोदर होती आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. बाळ पोटात नीट वाढतच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. बापाने जमिनीवर पाय दाबला.

"मुलीला काय सांगितलंत?" टकलू सरांनी विचारलं.

"काय सांगणार? लहान आहे ती. म्हटलं, बाळ आता येणार नाही. तिनेही परत विषय काढला नाही."

आणखी एक गोष्ट आई जाता जाता बोलली. दिवस राहिल्याचं कळल्यापासून घरात सगळे मुलीला ताई म्हणायला लागले होते. ताई, दूध पी. ताई, दप्तर आवर. सवय व्हावी म्हणून. मुलीलाही ते आवडायला लागलं होतं. आणि बाळ गेलं त्या दिवसापासून ते म्हणणं बंद झालं. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआपच. कधी कधी बापाच्या तोंडून 'ता' एवढंच निघायचं आणि तो खोकायचा.

टकलू सरांनी हे बाईंच्या कानावर घातलं आणि बाईंनी ते पोटात ठेवलं. मुलीने आपणहून काढल्याशिवाय त्या तो विषय काढणार नव्हत्या. रीतच तशी.

कितीतरी दिवस मुलगी काही बोललीच नाही. आल्या आल्या बाहुल्यांच्या कुटुंबातलं तान्हं बाळ ती वाळूत पुरायची, आणि जाताना उकरून, झटकून, खणात ठेवायची. "बाळ वाळूत गेलं," बाई म्हणायच्या. मुलगी मान हलवायची. मग हळूहळू हाताच्या आडून एकेक शब्द यायला लागला. मग हात तोंडावरून हनुवटीवर उतरला. एक दिवस शाळेतून निरोप आला, की तिने हजेरीला "हजर" म्हटलं. आई दुकानातूनच टकलू सरांना फोन करून रडली.

आणि एका गुरुवारी मुलगी भडकली. तिचा वाळूचा डोंगर अर्धाच झाला होता आणि बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "आता आपली वेळ संपली." मुलीने मूठभर वाळू उचलून बाईंच्या अंगावर फेकली, आणि खाली सायकलवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "तू वाईट आहेस! पड तू! पडून मोडून जा!"

तोंडावर हात नाही. एरवीचं अहो-जाहो नाही. बाईंना इतका आनंद झाला म्हणता! अंगावर वाळू पडून माणूस खूश होतो असा दुसरा धंदा शोधून सापडायचा नाही. केसांतली वाळू झटकत त्या टकलू सरांच्या दारात गेल्या.

"ओरडली! मला मोडून जा म्हणाली!"

"अरे वा! अभिनंदन," टकलू सर म्हणाले, आणि दोघांनी मोठ्या समाधानाने चहा घेतला.

रविवारी बाई पडल्या.

कशा पडल्या ते सांगायलाच हवं, बाईंना आवडो न आवडो. शेजारच्या घरात दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको राहायची. त्यांची भांडणं बाथरूमच्या उंचावरच्या खिडकीतून बहिणींच्या बाथरूममध्ये छान ऐकू यायची. थोरली ती नेमाने ऐकायची. बाई ऐकायच्या नाहीत. बाई फक्त त्या वेळी दात घासायला जायच्या, आणि बराच वेळ घासायच्या. त्या रविवारी शेजारीण म्हणाली, "ऐकायचंय ना? मग सांगूनच टाकते, त्या दिवशी मी कुठे गेले होते ते," आणि नेमका आवाज खाली केला. म्हणजे काय हे! बाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि खिडकीला कान लावला.

"स्टूल हलतंय," थोरली खालून कुजबुजली. "काय म्हणतेय ती?"

बाईंनी हातानेच तिला गप्प बस म्हणून खुणावलं. तेवढं निमित्त स्टुलाला पुरलं.

शेजारीण कुठे गेली होती ते राहूनच गेलं. डावं मनगट मोडलं. "कशा पडलात?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं. "घसरले," बाई म्हणाल्या. थोरलीने तोंड उघडलं, पण बाईंनी तिच्याकडे असं काही बघितलं, की तिने हयातीत पहिल्यांदाच एक गोष्ट गिळून टाकली.

सोमवारी मुलगी आली आणि दारातच थबकली. बाईंच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, गळ्यात झोळी. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. हात सावकाश वर गेला आणि तोंडावर बसला.

"काय झालं?" तिने हाताच्या आडून विचारलं.

"काय झालं असेल, तुला काय वाटतं?" बाई म्हणाल्या.

मुलगी टेबलाखाली जाऊन बसली ती वेळ संपेपर्यंत बाहेर आली नाही. खण उघडला नाही, बाळ पुरलं नाही. तिच्या मनात काय चाललंय ते बाईंना कळत नव्हतं थोडंच! चांगलं कळत होतं. म्हणून पुढच्या गुरुवारी, मुलगी दारातून आत पाऊल टाकेना तेव्हा, त्या तिच्यासमोर वाकून हळूच म्हणाल्या, "तुला वाटतंय, तू रागावलीस म्हणून माझा हात मोडला." रीतीप्रमाणे अगदी बरोबर वाक्य. नवशिक्यांना शिकवताना उदाहरण म्हणून द्यावं इतकं बरोबर. मुलीने बाईंकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं, आणि वळून बाकड्यावर आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

त्यानंतर ती घरीसुद्धा बोलेना. भूक लागली तर ताटाकडे बोट. "सोन्या, एक शब्द बोल," म्हणून आईने फक्त तिच्या पाया पडायचं बाकी ठेवलं होतं.

"इथे आली तेव्हा निदान थोडं बोलत होती," बाप टकलू सरांना म्हणाला. त्याचा पाय जमिनीवरून उचललाच जात नव्हता. "तुम्ही होतं तेही घालवलंत. आता बास."

"एकदाच आणा," टकलू सर म्हणाले. "निदान निरोप घ्यायला."

"सोमवारी. आणि ते शेवटचं."

बाईंनी पुढचं सगळं मनात मांडून बघितलं. ही मुलगी आत्ता अशी गेली तर तो हात तिच्या तोंडावर कायमचा राहणार. लग्नाच्या वयाची होईल, म्हातारी होईल, तरी राहणार. आणि त्या हातावर आपला हात ठेवून तो घट्ट बसवणाऱ्या कोण? आपणच. त्यांना स्वतःचा मनस्वी राग आला, पण चुकलं कुठे ते काही केल्या सापडेना.

ते सापडलं शनिवारी, आणि तेही शेजारणीमुळे. ती विचारपूस करायला आली, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अहो, पण पडलात तरी कशा?"

आता हिला काय सांगणार, कपाळ! बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तुम्हाला काय वाटतं?"

शेजारणीचा चेहरा उतरला. "आमच्या कुंड्यांचं पाणी ना? जिन्यात ओघळ येतो. हे मला रोज सांगतात, इतकं पाणी घालू नकोस. त्यावरूनच घसरलात ना?"

"तुम्हाला वाटतंय, तुमच्यामुळे माझा हात मोडला," बाई म्हणाल्या. तेही सवयीनेच.

"म्हणजे माझ्यामुळेच!" शेजारणीने पदर डोळ्यांना लावला. "तुम्ही भल्या म्हणून बोलत नाही. पण मला कळलं हो, कळलं!" आणि ती हुंदके द्यायला लागली. थोरली दारात चहाचा कप घेऊन उभी होती. ती बाईंकडे बघायला लागली, आणि बाई शेजारणीकडे तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. जिना कोरडा ठणठणीत होता. या बाईचा त्या पडण्याशी काडीचा संबंध नव्हता, निदान कुंड्यांमार्फत तरी नव्हता. आणि आपण दोन वाक्यांत तिच्या गळ्यात तो घालून मोकळ्या झालो. आठ वर्षांच्या पोरीचं मग काय झालं असेल?

"पाण्यावरून नाही पडले मी," बाई घाईघाईने म्हणाल्या. "स्टुलावरून पडले." स्टुलावर का चढल्या होत्या ते मात्र त्यांनी शेजारणीला सांगितलं नाही. प्रामाणिकपणालाही काही सीमा असते.

सोमवारी मुलगी दारात उभी राहिली, तोंडावर हात. बाई खुर्चीतून उठल्या आणि प्लास्टर सांभाळत, कण्हत, जमिनीवर बसल्या.

"मी कशी पडले ते सांगते," त्या म्हणाल्या. त्या खोलीत हे वाक्य यापूर्वी कधी उच्चारलं गेलं नव्हतं. "आमच्या शेजारी नवराबायको भांडत होते. मला ऐकायचं होतं. म्हणून मी स्टुलावर चढले आणि खिडकीला कान लावला. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. ते हललं आणि मी पडले."

मुलगी एक पाऊल आत आली.

"चोरून ऐकत होता?"

"हो. चोरून."

"दुसऱ्यांचं असं ऐकायचं नसतं."

"नसतं."

"मग का ऐकलंत?"

'तुला काय वाटतं' बाईंच्या जिभेवर येऊन बसलं. त्यांनी ते गिळलं. "मला राहवलं नाही," त्या म्हणाल्या.

"काय बोलत होते ते?"

"ती कुठेतरी गेली होती म्हणे. कुठे ते सांगणार, एवढ्यात मी पडले."

हाताच्या आडून फुस्स असा आवाज आला. मुलगी हसली होती. मग तिचं हसू गेलं.

"पण मी म्हटलं होतं, पड म्हणून."

"म्हटलं होतंस. मी ऐकलं. तू खूप रागावली होतीस. पण मी पडले स्टुलामुळे. कुणी पड म्हटलं म्हणून कुणी पडत नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

खाली कुणीतरी घंटी वाजवली, मग दुसरी वाजवून बघितली. मुलगी आपल्या खणाशी गेली. बाईंनी कुलूप काढून दिलं. तिने तान्हं बाळ बाहेर काढलं, पण वाळूकडे नेलं नाही. दोन्ही हातांत धरून ती बाईंसमोर बसली. दोन्ही हातांत धरलं म्हणजे तोंडावर ठेवायला हात उरला नाही.

"आई झोपली होती," ती म्हणाली. "मी तिच्या पोटाला तोंड लावलं आणि बाळाला सांगितलं, येऊ नकोस. माझी खोली मी नाही देणार. मग ते आलंच नाही."

बाईंनी घसा खाकरला, कारण हे स्पष्ट ऐकू जायला हवं होतं.

"बाळ पोटात नीट वाढत नव्हतं. डॉक्टरांनी तसं तुझ्या आईला सांगितलंय. तुझ्या बोलण्याने ते गेलं नाही. तू काही म्हणाली नसतीस तरी गेलं असतं."

मुलीने बाळाचे पाय सरळ केले, मग वाकवले.

"मग मी ताई आहे का?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांची सवय काही दोन दिवसांत जात नाही. बाईंचे ओठ 'तुला'साठी जमलेसुद्धा. पण समोरची पोर त्यांच्या तोंडाकडे अशी बघत होती, की त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"आहेस," बाई म्हणाल्या. "बाळ थोडे महिनेच होतं, पण होतं. तेव्हाच तू ताई झालीस. ते कुणाला परत घेता येत नाही."

वेळ संपल्यावर दार उघडलं तेव्हा बाप बाकड्यापाशी गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. आई बसली होती. टकलू सर निरोपाचं काहीतरी बोलायची तयारी करत होते.

"बाई चोरून ऐकताना पडल्या," मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली. "शेजारच्यांचं भांडण. स्टुलावर चढून."

टकलू सरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी कुंडीकडे बघितलं.

"काय?" बाप म्हणाला. मुलगी बोलली म्हणून, की काय बोलली म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नसावं.

मुलगी बाकड्यावर बसली आणि बुटात एक पाय घातला. "आणि मी ताई आहे," ती बुटाकडे बघत म्हणाली. "तुम्ही म्हणत नाही, पण आहे."

आईने तोंडावर हात ठेवला. अगदी मुलीसारखाच. बापाचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला आणि तसाच राहिला. मग त्याने किल्ली खिशात टाकली आणि मुलीपुढे गुडघ्यांवर बसला. दोन्ही गुडघे टेकलेल्या माणसाला ब्रेक दाबता येत नाही. त्याने दुसरा बूट उचलला.

"पाय दे," तो म्हणाला. त्याला खोकला आला. तो खोकून झाला आणि म्हणाला, "पाय दे, ताई."

बूट चढायला जरा वेळच लागला, कारण नाडी कुणालाच नीट दिसत नव्हती. मग आईने पदराने तोंड पुसलं आणि उठता उठता बाईंना विचारलं, "गुरुवारी नेहमीच्याच वेळेला का?"

"हो," बाई म्हणाल्या. "नेहमीच्याच वेळेला."